एकट्याने गेम बनवायला शिकताना: पहिल्या चौकोनापासून विक्रीच्या पानापर्यंत

गेम बनवायला शिकू पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक मोठा गेम बहुतेक वेळा आधीच तयार असतो. अफाट नकाशा, दहा-बारा पात्रं, प्रत्येकाची वेगळी गोष्ट, वर मित्रांसोबत ऑनलाइन खेळायची सोय. कल्पना वाईट नसते. पण तिथूनच सुरुवात केली की तीन महिन्यांनी हातात एक चालणारं पात्र, रिकामं गवत आणि थकवा एवढंच उरतं. मी स्वतः यातून गेलो आहे. म्हणून पहिल्या दिवशी ती कल्पना एका वहीत सविस्तर लिहून काढा आणि वही बाजूला ठेवा. तिची वेळ येईल, पण ती चौथ्या किंवा पाचव्या गेमला.

‘स्टारड्यू व्हॅली’ या गेमचं उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. एरिक बॅरोनने तो एकट्याने केला, कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतःचं, आणि 2016 मध्ये बाजारात आणला. हे खरं आहे. त्याला साधारण साडेचार वर्षं लागली आणि सुरुवात करताना त्याच्याकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती, हेही तितकंच खरं आहे. चित्रकला मात्र तो काम करता करता शिकला आणि त्यासाठी तीच ती चित्रं त्याने पुन्हा पुन्हा काढली. त्याची चिकाटी घ्या. प्रकल्पाचा आकार मात्र आत्ताच घेऊ नका.

गेम सुरू करता येणं आणि गेम पूर्ण करता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य फक्त गेम पूर्ण करूनच येतं. म्हणून सुरुवातीचे गेम इतके छोटे हवेत, की ते पूर्ण होण्यावाचून त्यांना गत्यंतर राहू नये.

इंजिन: एक संध्याकाळ, त्याहून जास्त नाही

इंजिन म्हणजे तयार पाया. चित्र पडद्यावर दाखवणं, कळ दाबली गेली हे ओळखणं, दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या हे कळणं, आवाज वाजवणं, ही कामं त्यात आधीच केलेली असतात. चार नावं वारंवार कानावर पडतील: गोडो, युनिटी, अनरिअल आणि गेममेकर.

माझा सल्ला असा, की टू-डी गेमपासून सुरुवात करा आणि त्यासाठी गोडो घ्या. गोडो 2014 पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्याचा एमआयटी परवाना इतका मोकळा आहे, की तुमच्या कमाईतला वाटा कोणीही मागत नाही. डाउनलोड केलेली फाइल उघडली की काम सुरू, इन्स्टॉल करायचीही गरज नाही. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा दिसायला पायथॉनसारखी आहे आणि नवख्याला लवकर वाचता येते. युनिटीत सी शार्प लिहावी लागते. शिकवणारं साहित्य तिथे अफाट आहे, आणि पुढे एखाद्या स्टुडिओत नोकरीचा विचार असेल तर तो अनुभव कामी येतो. अनरिअल भव्य थ्री-डी गेमसाठी ओळखलं जातं. त्यात ब्लूप्रिंट नावाची, ठोकळे तारांनी जोडायची पद्धत आहे, आणि एका गेमची एकूण कमाई 10 लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रॉयल्टी द्यावी लागत नाही. त्यापुढे ती साधारणपणे 5 टक्के असते. गेममेकर टू-डीसाठी उत्तम आहे. टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ (2015) त्यातच झाला.

‘बलॅट्रो’ हा 2024 चा गाजलेला पत्त्यांचा गेम तर यांपैकी कशातच केलेला नाही. तो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर (इंजिनापेक्षा साध्या पायावर) लिहिला आहे. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ची सुरुवात ब्राउझरमधल्या गेमसाठी असलेल्या फेझरवर झाली. खेळणाऱ्याला याने काही फरक पडला नाही. तेव्हा एक निवडा आणि पहिले तीन गेम पूर्ण होईपर्यंत बदलू नका. अडचण आली की दुसरं इंजिन बरं वाटायला लागतं. ती अडचण बहुधा तिथेही तुमची वाट पाहत असते.

पहिला गेम: दोन फळ्या आणि एक चेंडू

1972 मध्ये अटारी या गेम कंपनीत नव्याने आलेल्या अ‍ॅलन अ‍ॅलकॉर्नला तिचा एक संस्थापक नोलन बुशनेल याने हात बसावा म्हणून एक सोपं काम दिलं. त्या सरावातून ‘पाँग’ तयार झाला. तुमचाही सराव तोच असू द्या, कारण एवढ्याशा गेममध्ये पुढे लागणारं जवळपास सगळं येऊन जातं.

पडद्यावर एक पांढरा चौकोन आणा आणि तो कळ दाबल्यावर वर-खाली हलवा. इथेच पहिली महत्त्वाची गोष्ट समजून घ्यायची असते. गेम म्हणजे एक न थांबणारी फेरी: कोणती कळ दाबली आहे ते बघ, त्यानुसार वस्तूंच्या जागा बदल, नवं चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत काढलेल्या चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 60 फेऱ्या म्हटल्या तर प्रत्येक फेरीला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. आता ‘दर फेरीला 5 पिक्सेल सरक’ असं लिहिलंत, तर 60 फ्रेमच्या पडद्यावर फळी सेकंदाला 300 पिक्सेल सरकेल, आणि 144 फ्रेमच्या पडद्यावर 720. तुमच्याकडे नीट चालणारा गेम दुसऱ्याकडे खेळताच येणार नाही. यावर उपाय म्हणजे डेल्टा: मागच्या फेरीपासून किती वेळ गेला तो आकडा. वेग ‘सेकंदाला 300’ असा ठरवायचा आणि त्याला डेल्टाने गुणायचं. गोडोमध्ये इथे एक खाच आहे. पात्र हलवण्यासाठी जे ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शन मिळतं ते हा गुणाकार स्वतःच करतं. तुम्हीही केलात तर पात्र गोगलगायीसारखं सरकतं आणि माणूस दोन तास चूक शोधत बसतो.

मग चेंडू आणा. भिंतीवर आपटला की उभ्या दिशेचा वेग उलटा करा, फळीवर आपटला की आडव्या दिशेचा. चेंडूचा वेग वाढवत गेलात की एक गंमत दिसेल: तो अचानक फळीतून आरपार जातो. सेकंदाला 1200 पिक्सेल वेग म्हणजे एका फेरीत 20 पिक्सेल. फळी 10 पिक्सेल जाडीची असेल तर एका फेरीला चेंडू तिच्या अलीकडे असतो आणि पुढच्या फेरीला पलीकडे. मधल्या वाटेवर तो कधी नसतोच. फळी जाड करणं हा एक उपाय आहे आणि चेंडूची पूर्ण वाट तपासायला इंजिनला सांगणं हा दुसरा. या एका बगने, म्हणजे कोडमधल्या चुकीने, मला जेवढं शिकवलं तेवढं कित्येक व्हिडिओंनी शिकवलं नाही.

एवढं झालं की खेळून बघा. कंटाळवाणा वाटेल, आणि इथून गेम डिझाइन सुरू होतं. अ‍ॅलकॉर्नने फळीचे आठ भाग कल्पिले होते. चेंडू मध्यावर लागला तर सरळ परततो, टोकाला लागला तर तिरका. शिवाय चेंडू जितका वेळ खेळात राहील तितका त्याचा वेग वाढत जाई. या दोन बदलांमुळे खेळणाऱ्याला नेम धरता येऊ लागला आणि छातीत धडधड व्हायला लागली. तुम्हीही हे दोन्ही बदल एकेक करून घाला आणि प्रत्येकानंतर खेळून पाहा.

शेवटी गुण, जिंकल्याचा पडदा, ‘पुन्हा खेळा’चं बटण, आपटल्याचा आवाज आणि सुरुवातीचा मेन्यू. मग गेम एक्सपोर्ट करून, म्हणजे इंजिनाशिवाय चालेल अशी फाइल काढून, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवा. हे टाळू नका. तुमच्या मशीनवर चालणारा गेम दुसरीकडे फॉन्ट सापडत नाही म्हणून किंवा फाइलच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आहे म्हणून बंद पडू शकतो, आणि हे पहिल्याच गेमला कळलेलं बरं.

त्यानंतर विटा फोडायचा गेम, मग साप वाढत जाणारा गेम, मग एका पडद्यात मावणारा उड्या मारायचा गेम. प्रत्येकाला दोन-तीन आठवडे. रोज एक तास दिलात तर रविवारच्या आठ तासांपेक्षा जास्त पदरात पडतं, कारण कालचा कोड डोक्यात ताजा असतो.

ट्यूटोरियल कसं वापरायचं

व्हिडिओ बघत बघत त्यातला कोड टाइप केला की सगळं समजल्यासारखं वाटतं. रिकामी फाइल उघडली की हात थांबतो. यावर मला लागू पडलेली पद्धत अशी: एक भाग पूर्ण बघायचा, बंद करायचा आणि तेच आठवणीतून पुन्हा करायचं. अडलं की फक्त तेवढी जागा परत बघायची. जमलं की त्यात एक बदल आपल्या मनाने करायचा. त्यात सांगितलेला शत्रू सरळ चालत असेल, तर आपला शत्रू खेळाडूला बघून पळून जाऊ दे. हा स्वतःचा बदल करताना जे डोकं खाजवावं लागतं, त्यातच खरं शिकणं होतं.

चुकीचा लाल संदेश आला की घाबरून खिडकी बंद करू नका. त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ वाचा, तिथल्या प्रत्येक व्हेरिएबलची (नाव देऊन साठवलेल्या माहितीची) किंमत प्रिंट करून बघा. ‘नल’ आलं असेल तर ज्या वस्तूला तुम्ही हाक मारता आहात ती तिथे नाहीच. संदेशच येत नसेल, तर अर्धा कोड बंद करून चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते बघा, मग त्याचेही दोन भाग करा.

आणि गिट, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारा प्रोग्राम, पहिल्या दिवसापासून वापरा. कमिट (आत्ताची आवृत्ती नोंदवणं), मागे जाणं आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणं, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. रोज काम संपवून उठताना एक कमिट, सोबत काय केलं त्याची एक ओळ. माझा एक अर्धा झालेला गेम हार्ड डिस्कसोबत गेला, तेव्हा माझ्याकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

हाताला गोड लागणारी उडी

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि नवख्यांचे गेम इथेच कच्चे राहतात. उडीचा साधा कोड चार ओळींचा असतो: जमिनीवर असशील आणि कळ दाबली असेल तर वर जा. हा कोड बरोबर आहे, तरी खेळताना राग येतो. खेळणारा म्हणतो, ‘मी दाबलं होतं!’ तो खोटं बोलत नसतो.

माणूस कड्याच्या अगदी टोकावर उडी मारायला जातो आणि त्याचं बोट एखाद-दोन फ्रेम उशिरा पडतं. तोवर पात्र हवेत गेलेलं असतं. म्हणून कडा सोडल्यावरही साधारण 0.1 सेकंद, म्हणजे 60 च्या हिशेबाने 6 फ्रेम, उडीची परवानगी चालू ठेवायची. याला कायोटी टाइम म्हणतात. याच्या उलट, पात्र खाली येत असताना जमिनीला टेकण्याआधीच कळ दाबली गेली, तर ती विसरायची नाही. तेवढाच वेळ लक्षात ठेवायची आणि पाय टेकताच उडी द्यायची. हे जंप बफर. तिसरी गोष्ट म्हणजे कळ लवकर सोडली तर वर जायचा वेग निम्मा करायचा, म्हणजे हलक्या दाबाची छोटी उडी मिळते. चौथी, खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट-दुप्पट करायचं. त्याने पात्र फुग्यासारखं तरंगायचं थांबतं.

‘सेलेस्ट’ (2018) अवघड गेम आहे, तरी तो अन्यायी वाटत नाही, यामागे अशाच सवलती आहेत. डोकं छताच्या कोपऱ्याला जरासं घासलं तर तो गेम पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. खेळणाऱ्याला हे कळतही नाही. त्याला आपलं कौशल्य वाढल्यासारखं वाटतं. एका चौकोनाची उडी अशी तासभर घोळवून बघा. चित्र नाही, गोष्ट नाही, तरी उगाच उड्या मारत बसावंसं वाटलं पाहिजे.

फटका बसल्यावर 2-3 फ्रेम सगळं गोठवणं, कॅमेरा किंचित हलवणं, धुळीचे चार कण उडवणं, याने फटक्याला वजन येतं. कॅमेऱ्याची हालचाल बंद करायची सोय सेटिंगमध्ये ठेवा. काहींना तिने गरगरतं.

चित्रकला येत नसेल तर

चौकोन, गोल आणि मोजके रंग घेऊनही सुंदर गेम होतो. स्वतःला मर्यादा घाला. पिको-8 हे काल्पनिक कन्सोल (फक्त सॉफ्टवेअरच्या रूपात असलेलं गेमचं यंत्र) 128 बाय 128 पिक्सेलचा पडदा आणि 16 रंग एवढंच देतं, आणि त्यात लोकांनी थक्क करणारे गेम केले आहेत. पिक्सेल आर्ट करत असाल तर सगळे पिक्सेल एकाच आकाराचे दिसू द्या. बारीक पिक्सेलचा नायक आणि ताणून मोठा केलेला शत्रू शेजारी ठेवले की डोळ्यांना लगेच खुपतं. चित्रांसाठी क्रिटा मोफत आहे, थ्री-डीसाठी ब्लेंडर, आवाज कापायला ऑडॅसिटी. ‘टुंग’, ‘धप्प’ असे आवाज एसएफएक्सआर हा छोटा प्रोग्राम बटण दाबून तयार करून देतो. 2007 मध्ये लुडम डेअर या गेम बनवायच्या स्पर्धेतल्या स्पर्धकांसाठीच तो लिहिला गेला होता.

तयार चित्रं घेताना परवाना वाचा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स हे खुले परवाने. सीसी झिरो असेल तर कशीही वापरा. केनीच्या संकेतस्थळावरचे संच असेच आहेत. सीसी बाय असेल तर कर्त्याचं नाव द्यावं लागतं. त्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) ही अक्षरं असतील तर विकायच्या गेममध्ये ते चालणार नाही. जे घ्याल त्याचा पत्ता आणि परवाना त्याच क्षणी एका फाइलमध्ये लिहा. वर्षभराने शोधत बसणं जिवावर येतं.

गेम जॅम

तीन छोटे गेम झाले की एका जॅममध्ये उतरा. विषय जाहीर होतो आणि ठरलेल्या वेळात गेम करायचा असतो. लुडम डेअर 2002 पासून चालू आहे; त्यातल्या एकट्याच्या स्पर्धेला 48 तास मिळतात. ‘सेलेस्ट’चं पहिलं रूप चार दिवसांच्या जॅममध्ये पिको-8 वर तयार झालं, आणि ‘सुपरहॉट’ 2013 च्या सात दिवसांच्या जॅममधून आला.

वेळेचे चार भाग करा. पहिल्या भागाच्या शेवटी खेळता येईल असं काहीतरी हवंच, मग ते कितीही कुरूप असो. शेवटच्या भागात नवं काही घालायचं नाही, फक्त बग, आवाज आणि एक्सपोर्ट. ब्राउझरमध्ये चालेल असा गेम द्या. डाउनलोड करायला लागलं की खेळणारे कमी होतात. आणि झोपा. पहाटे चारला लिहिलेला कोड सकाळी निस्तरावा लागतो.

दुसऱ्याला खेळताना गप्प बसून बघा

हे सगळ्यात अवघड आहे. समोरचा चुकीच्या दिशेला जातो, दार दिसत असून बघत नाही, आणि तुमच्या तोंडावर ‘अहो, डावीकडे!’ येतं. गिळून टाका. विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसाल. तो कुठे थांबला, कुठे दोनदा मेला, कुठे मोबाइलकडे बघितलं, हे वेळेसकट लिहा. शेवटी ‘आवडला का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर भिडेपोटी ‘हो’ येतं. ‘त्या दारापाशी काय होईल असं वाटलं?’ असं विचारा. एकच माणूस अडला तर योगायोग असेल. पाचपैकी तिघे एकाच जागी अडले तर ती जागा बदलायलाच हवी.

विकायचा पहिला गेम

आता वही काढायला हरकत नाही. पण त्यातली एकच गोष्ट निवडा, जी खेळताना दहा मिनिटं मजा येते असं प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे कच्च्या नमुन्यात, सिद्ध झालं आहे. सहा महिन्यांत होईल असा आवाका ठरवा. होता होता तो वर्षावर जाईल. एक लेव्हल पूर्ण तयार करा, चित्र-आवाज-मेन्यूसकट, आणि तिला लागलेल्या वेळाने उरलेल्या लेव्हलना गुणा. आकडा भीतीदायक आला तर लेव्हल कमी करा. सेव्ह, पॉज, सेटिंग, गेमपॅड, वेगवेगळ्या आकाराचे पडदे ही कामं यादीत आधीच लिहा. माझा अनुभव असा, की गेम ‘झाला’ असं वाटतं तेव्हा जवळपास निम्मं काम बाकी असतं.

दुकानाचं पान गेम पूर्ण होण्याच्या खूप आधी उघडा. इच आयओ आणि स्टीम ही गेम विकायची दोन ऑनलाइन दुकानं. इच आयओवर पान मोफत निघतं आणि विक्रीतला किती वाटा त्यांना द्यायचा ते तुम्हीच ठरवता. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर भरावे लागतात. गेमने 1000 डॉलरची कमाई ओलांडली की ते परत मिळतात. स्टीमचा वाटा 30 टक्क्यांपासून सुरू होतो. पैसे भरल्यावर 30 दिवस थांबावं लागतं, ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे दिसत राहावं लागतं, आणि तपासणीत आणखी काही दिवस जातात. बँकेची आणि कराची माहितीही आधीच भरावी लागते. चित्रं वा आवाज एआयने केले असतील तर तसं अर्जात सांगावं लागतं.

पान आधी उघडायचं ते विशलिस्टसाठी, म्हणजे गेम हवा असलेल्यांनी तो आपल्या यादीत नोंदवून ठेवावा म्हणून. गेम आला की त्या लोकांना स्टीम स्वतः ईमेल पाठवतं. ट्रेलरच्या पहिल्या पाच सेकंदांत प्रत्यक्ष खेळ दिसू द्या. तुमच्या स्टुडिओचं नाव नंतर आलं तरी चालेल. डेमो तयार ठेवा आणि स्टीम नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंच्या उत्सवात, उतरा; तिथे एका गेमला एकदाच भाग घेता येतो, म्हणून डेमो पक्का झाल्यावरच जा. खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, तेव्हा सुरुवातीच्या अर्ध्या तासात कंटाळा शिल्लक ठेवू नका.

पैशाचं स्पष्ट सांगतो: बहुतेक पहिले गेम लागलेल्या वेळेचा मोबदला देत नाहीत. नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून हे करा. प्रकाशक भेटला तर करारात गेमचे हक्क कोणाकडे राहतात आणि करार कधी संपतो, या दोन कलमांवर आधी बोट ठेवा, आणि सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

गेम आला की पहिला आठवडा फक्त बगसाठी ठेवा. विकलेल्या प्रतीच्या कोडवर गिटमध्ये टॅग (नावाची खूण) लावा, म्हणजे तक्रार आली की नेमका तोच कोड उघडता येतो. सेव्ह फाइलमध्ये पहिल्यापासून आवृत्ती क्रमांक लिहीत असाल तर नव्या अपडेटमध्ये जुनी सेव्ह ओळखून बदलून घेता येते. दुरुस्ती पाठवण्याआधी जुन्या आवृत्तीची सेव्ह उघडून एकदा खेळा. कोणाचे तरी वीस तास त्या फाइलमध्ये असतात.